अव्वा माझी कोण लागत होती?

(द्वितीय वर्ष, कला)

छापील अर्ज कोणताही घ्या, त्यात एक रकाना हटकून असतो : 'नाते'. अर्ज रुग्णालयाचा असो, बँकेचा असो की रजेचा असो, ही दोन अक्षरे आणि त्यांच्यापुढे चार बोटांची रिकामी जागा तुम्हांला सापडेलच. त्या चार बोटांत आई, वडील, भाऊ, बहीण, पती, पत्नी एवढीच माणसे मावतात. आजी मावते, पण ती वडिलांची किंवा आईची आई असली तरच. माझी आजी तशी नव्हती. ती २०२४ च्या ऑगस्टमध्ये वारली आणि तेव्हापासून हा एकच प्रश्न मला तऱ्हेतऱ्हेने विचारला गेला : "ती तुझी कोण लागत होती?" विचारणाऱ्यांत वाईट माणूस एकही नव्हता. तरीही हा प्रश्नच चुकीचा आहे असे माझे मत बनले आहे, आणि ते मांडण्यासाठी मी या अंकाची पाने अडवीत आहे.

आम्ही तिला अव्वा म्हणत असू. तेलुगू घरांत म्हाताऱ्या बाईला, आजीला अव्वा म्हणतात. आमच्या ओळीतल्या कन्नड घरांत मात्र अव्वा म्हणजे आई. सोलापुरात अशी गंमत जागोजागी आहे. मराठी, तेलुगू, कानडी आणि दखनी उर्दू अशा चार बोली एका नळावर पाणी भरतात. त्यामुळे लहानपणी मला अव्वा म्हणजे आई की आजी हे नीट ठाऊकच नव्हते, आणि ठाऊक असण्याची गरजही पडली नाही.

माझे वडील बार्शीकडच्या खेड्यातून आलेले. हैदराबाद रस्त्यावरच्या बाजार समितीत कांद्याची पोती उचलतात. आई सोलापुरात चार घरची धुणीभांडी करते. आम्ही राहतो कुंभारीला, गोदूताई परुळेकर विडी घरकुलात, आणि तेही भाड्याच्या खोलीत. विडी वळणाऱ्या बायकांसाठी उभारलेली ही दहा हजार घरांची वसाहत २००६ साली पुरी झाली. शेजारच्या घराची मालकीण अव्वा. आयुष्यभर विड्या वळून तिने स्वतःच्या नावावर मिळवलेले ते घर होते. नवरा मागावर काम करायचा; तो फार पूर्वी गेला. मूलबाळ नव्हते. मी सहा महिन्यांची असताना आईने मला प्रथम तिच्याकडे ठेवले, ते केवळ एका दिवसापुरते. तो एक दिवस अठरा वर्षे चालला.

अव्वाचे दिवसाचे काम मी पाहत आले, म्हणून सांगते. रात्री तेंदूची पाने भिजत घालायची. सकाळी ती ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, मग पत्र्याचा चौकोनी तुकडा पानावर ठेवून कात्रीने पान त्या मापाचे कापायचे. मांडीवर सूप, सुपात कापलेली पाने आणि तंबाखू. एक पान, चिमूटभर तंबाखू, बोटांची एक वळणी, दोऱ्याचे दोन वेढे, आणि टोक नखाने दाबून बंद. असे हजारदा केले की एक दिवसाची मजुरी. कारखान्यात माल द्यायला गेले की तपासणारा बोटाने चाळून वाकड्या, सैल विड्या बाजूला काढी. त्यांचे पैसे मिळत नसत. पाने फाटकी निघाली, तर त्यांचा तोटाही तिचाच. १९६६ साली विडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला होता, त्यात पुष्कळ चांगल्या गोष्टी लिहिल्या होत्या. पण सुपासमोर बसलेल्या बाईच्या पाठीला कायदा टेकू देत नाही. अव्वाची पाठ चाळिशीतच वाकली होती असे आई सांगते. तंबाखूच्या धुळीने खोकला लागे, तो रात्री आमच्या भिंतीतून ऐकू यायचा.

अव्वाने मला विडी वळायला शिकवली नाही. हे वाक्य वाचताना कदाचित त्यात विशेष काही वाटणार नाही, पण आमच्या ओळीत ते फार मोठे होते. दहा-अकरा वर्षांची मुलगी आईजवळ दोरा बांधायला बसते, पुढच्या वर्षी पान कापते आणि आठवी-नववीपर्यंत तिचा हात असा बसतो की शाळा आपोआप सुटते. पूर्वी तर स्थळ पाहायला आलेली माणसे मुलीला विडी येते का हेच आधी विचारीत. मी खेळता खेळता सुपाकडे हात नेला की अव्वा कात्रीच्या मुठीने बोटावर टकटक करी. "नको बिड्डा. हे हाताला लागलं की सुटत नाही. सदुवुको." सदुवुको म्हणजे शीक, वाच. मला आलेला तेलुगूतला पहिला शब्द हाच. तिला स्वतःला वाचता येत नव्हते. तेलुगूत स्वतःचे नाव तेवढे लिहिता येई. तीही अक्षरे तिने मजुरीच्या वहीवर सही करण्यासाठी शिकून घेतली होती.

आमच्यासारख्या, घरात पहिल्यांदाच कॉलेजचे तोंड पाहणाऱ्या मुलामुलींविषयी भाषणांत नेहमी म्हटले जाते की आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून शिकवले. ते खरेच आहे. पण आईवडील दोघेही पहाटे घराबाहेर पडतात, तेव्हा त्या मुलाला दुपारी जेवू कोण घालते? शाळेतून परत आल्यावर दार कोण उघडते? "तिन्नवा?" म्हणजे जेवलीस का, हे कोण विचारते? माझ्या वर्गातल्या मैत्रिणींना मी मुद्दाम विचारले. कुणाला वाड्यातली काकू निघाली, कुणाला मशिदीजवळची खाला, कुणाला वडिलांच्या कारखान्यातले निवृत्त मुकादम. जवळजवळ प्रत्येकीच्या मागे रक्ताचे नसलेले एक माणूस उभे आहे. त्या माणसाचे नाव सत्काराच्या भाषणात येत नाही, कारण त्याला काय म्हणावे हेच ठरलेले नसते.

२०२० च्या टाळेबंदीत विडी कारखाने बंद पडले. अव्वाला निवृत्तिवेतन होते, महिन्याला हजाराच्या आसपास. भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेत २०१४ पासून किमान निवृत्तिवेतन हजार रुपये ठरले आहे, तेच. वडिलांचा बाजार काही दिवस बंद, आईची चारही घरे बंद. माझी दहावी तोंडावर आणि शाळा मोबाईलवर. आमच्याकडे बटणांचा फोन होता. अव्वाने एके दिवशी डाळीच्या डब्यातून सहा हजार रुपये काढून वडिलांसमोर ठेवले. ते तिने स्वतःच्या अखेरच्या खर्चासाठी जमवले होते, हे सगळ्यांना माहीत होते. वडील घेईनात. तेव्हा ती म्हणाली, "मेल्यावर चार माणसं कसंही नेतात की. हिची शाळा कोण नेणार?" २०२१ साली दहावीची परीक्षाच रद्द झाली आणि अंतर्गत गुणांवर निकाल लागला. शेजारीपाजारी त्या निकालाची थट्टा करीत. अव्वाने मात्र पेढे आणून ओळीत वाटले. परीक्षा झाली नाही म्हणून शिकणे झाले नाही असे तिला वाटत नव्हते.

इथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या कामगार कल्याण विभागाकडून शिष्यवृत्ती मिळते. अव्वाकडे कामगाराचे ओळखपत्र होते, आणि तिने वाढवलेली मुलगी शिकत होती. पण शिष्यवृत्ती कामगाराच्या मुलामुलीला. माझी आई विडी कामगार नाही आणि अव्वा माझी आई नाही. तेव्हा हक्क कुणाचाच नाही. नियम असेच करावे लागतात हे मला कळते. तरी गणित विचित्र आहे खरे.

आता त्या 'मानलेल्या' शब्दाकडे वळू. मानलेला भाऊ, मानलेली बहीण, मानलेली आजी. बोलणाऱ्याच्या तोंडात हा शब्द जरा खालच्या आवाजात येतो. जणू खऱ्या नाण्याशेजारी ठेवलेले खोटे नाणे. माझे म्हणणे उलट आहे. रक्ताचे नाते मिळते, ते कुणी करीत नाही. मानलेले नाते रोज सकाळी उठून करावे लागते. अव्वाने अठरा वर्षांत एक दिवस जरी दार लावून घेतले असते, तर तिला कुणी बोल लावला नसता. तिच्यावर बंधन कसलेच नव्हते.

आणि हे आमच्या महाराष्ट्राला नवे थोडेच आहे? जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी एका विधवेचा मुलगा दत्तक घेतला, त्याला डॉक्टर केले. १८८७ साली जोतीरावांनी इच्छापत्र करून आपली मिळकत या यशवंतला मिळावी अशी तजवीज केली. भाऊबंद काय म्हणतील याची त्यांना पुरती कल्पना होती, म्हणून तर कागद केला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रुग्णांची सेवा करताना वारल्या. ज्या दवाखान्यात ती सेवा चालली होती तो याच मुलाचा होता. अगदी अलीकडे, सिंधुताई सपकाळ ४ जानेवारी २०२२ रोजी गेल्या तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने 'माई गेली' म्हटले. तू कोण लागतोस असे कुणी कुणाला विचारले नाही. आमच्या वसाहतीचे नावच पाहा ना. गोदावरी परुळेकर वारल्यांच्या लढ्यात उतरल्या, कष्टकऱ्यांनी त्यांना ताई केले, आणि ते 'ताई' आज दहा हजार घरांच्या पत्त्यात लिहिले जाते. म्हणजे मोठ्या माणसाचे मानलेले नाते आपण पाटीवर रंगवतो, आणि विडी वळणाऱ्या बाईचे असले की ओळखपत्र मागतो.

जुलै महिन्यात अव्वा न्हाणीत पडली. खुब्याचे हाड मोडले. वडील आणि मी तिला रिक्षात घालून सोलापुरातल्या एका रुग्णालयात घेऊन गेलो. अर्ज समोर आला. 'नाते' या रकान्यात मी 'नात' असे लिहिले. खिडकीतल्या गृहस्थांनी आडनावे पाहिली, एक तेलुगू, एक मराठी, आणि म्हणाले, "रेशनकार्डावर नाव आहे का तुझं? रक्ताच्या नातेवाइकाला बोलवा." अव्वा शुद्धीवर होती. ती स्ट्रेचरवरून म्हणत होती, "नातच आहे ओ ती माझी. मी सांगतेय की." ती स्वतः सही करायला तयार होती. तिचे हाड, तिची सही. पण तिचा शब्द पुरेसा नव्हता. अखेर तिच्या नवऱ्याच्या पुतण्याला फोन लावला. तो सिरसिल्ल्याला मागावर काम करतो. बिचारा मिळेल त्या गाडीने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचला आणि त्याने सही केली. त्या दीड दिवसामुळे अव्वा गेली असे मी म्हणणार नाही. डॉक्टरांनीही तसे म्हटले नाही. शस्त्रक्रिया झाली, घरी आली, मग छातीत कफ साठला आणि तीन आठवड्यांनी ती गेली. पण तो दीड दिवस ती कण्हत होती, आणि ज्या माणसाला तिने दहा वर्षांत पाहिले नव्हते त्याची वाट आम्ही तिघेही पाहत होतो, हे मी विसरू शकत नाही.

त्यानंतर मी ग्रंथालयात बसून काही कायद्यांची पाने उलटली. राज्यशास्त्राच्या आमच्या सरांनी पुस्तके काढून दिली. जे सापडले ते गमतीचे आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या पंधराव्या कलमाप्रमाणे मूलबाळ नसलेली विधवा इच्छापत्र न करता गेली, तर तिची स्वकष्टाची मिळकतही आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते; तिच्या आईबापांचा क्रम त्यानंतर. एका प्रकरणात तर बाई लग्नानंतर तीनच महिन्यांत विधवा झाली, सासरच्यांनी तिला हाकलले, माहेरी राहून ती शिकली, नोकरी केली, पैसा जमवला. आणि ती वारल्यावर २००९ साली सर्वोच्च न्यायालयाला तो पैसा सासरच्यांनाच द्यावा लागला, कारण कायद्याची भाषा तशी होती. ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा २००७ चा कायदा घ्या. त्यात निपुत्रिक वृद्धाचा 'नातेवाईक' म्हणजे कोण? तर जो त्याची मिळकत बाळगून आहे किंवा जिला-ज्याला ती वारसाने मिळणार आहे तो. म्हणजे कायद्याच्या लेखी घर ज्याला मिळणार तो नातेवाईक. भाकरी देणारा नव्हे.

पण सगळीच पाने अशी नाहीत, हेही सांगितले पाहिजे. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात जवळच्या नातेवाइकाखेरीज इतर कुणी स्नेहापोटी, जिव्हाळ्यापोटी अवयव देऊ इच्छित असेल, तर समितीच्या परवानगीने देता येतो अशी तरतूद आहे. कायद्याच्या पुस्तकात जिव्हाळा हा शब्द पाहून मी ते पान दोनदा वाचले. मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे कोणीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर लिहून आपला प्रतिनिधी नेमू शकते, आणि तो नातेवाईकच असावा असे बंधन नाही. मग मनाच्या दुखण्याला जे चालते ते मोडलेल्या हाडाला का चालू नये?

कोणी म्हणेल, असे दार उघडले की लुच्चे लोक घुसतील. एकट्या म्हाताऱ्या बाईला आई म्हणायचे, अंगठा घ्यायचा, घर लाटायचे. हा आक्षेप खोटा नाही. आमच्या वसाहतीतच अशा कहाण्या आहेत. म्हणून मिळकतीच्या बाबतीत कायद्याने सावध राहावे, साक्षीदार मागावेत, हे मला मान्य आहे. ज्याला खरोखर द्यायचे आहे त्याने दोन साक्षीदारांसमोर इच्छापत्र करावे. ती वाट खुली आहेच. अव्वाने ते केले नाही, आणि आम्ही तिला कधी सुचवलेही नाही. सुचवणे शोभलेही नसते. घर पुतण्यांना मिळाले. ते गरीब आहेत, त्यांना ते लखलाभ होवो. पण रुग्णालयातल्या उशाशी बसायला, दोन दिवसांची रजा मागायला, शोकाच्या पत्रिकेत नाव घालायला कसली आली आहे मिळकत? तिथे काय लुटून नेणार आहोत आम्ही? तिथे 'नाते' या रकान्याखाली आणखी एक ओळ छापायला काय हरकत आहे : 'रुग्णाच्या म्हणण्याप्रमाणे जवळची व्यक्ती'? आणि माणूस शुद्धीवर असेल, तर त्याच्या शब्दापुढे रेशनकार्ड मागू नये. माझी मागणी एवढीच आहे. आपल्या महाविद्यालयाच्या रजेच्या अर्जापासूनही सुरुवात करता येईल. तो नमुना तर आपल्याच हातात आहे.

सुतकाचेही असेच. सुतक गोत्र पाहते. शास्त्राप्रमाणे आम्हांला अव्वाचे सुतक नव्हते. तरी त्या दिवाळीत आमच्या घरी कढई चढली नाही. ओळीतल्या एका बाईने आईला विचारले, "तुम्हाला गं कसलं सुतक? ती पडली तेलंगी, तुम्ही मराठे." आई भांडी घासत होती. तिने वर न पाहताच सांगितले, "माझी लेक तिच्या सुपाशेजारी रांगली. तळण तळायला हात उचलत नाही, एवढंच." आई शाळेत गेलेली नाही. मी इतकी पाने खर्च करून जे सांगू पाहते ते तिने भांडी घासता घासता उरकले.

पुतण्यांनी घर रिकामे केले तेव्हा मी एकच वस्तू मागितली होती, ती कात्री. मुठीला चिंधी गुंडाळलेली, एक पाते झिजून दुसऱ्याहून अरुंद झालेली. त्यांनी लगेच दिली, वर "अजून काही हवं का?" असेही विचारले. मोठा पुतण्या जाताना आईच्या पाया पडला आणि म्हणाला, तुम्ही होता म्हणून आम्हांला काळजी नव्हती. त्याला माझे नाव ठाऊक नव्हते, म्हणून तो मला तेलुगूत 'चेल्ली' म्हणाला. चेल्ली म्हणजे धाकटी बहीण.

नवरात्रात आमच्या ओळीतल्या बायका बतकम्मा रचतात. ताटात फुलांचे थर एकावर एक चढवून मनोरा करायचा आणि भोवती फेर धरायचा. झेंडूचा खालचा थर दरवर्षी अव्वा लावायची, कारण तो सरळ बसला तरच वरचे उभे राहतात. २०२४ च्या नवरात्रात ताट मध्ये ठेवले, आणि सगळ्या बायका क्षणभर थांबल्या. मग एकीने झेंडूची टोपली माझ्याकडे सरकवली. मला गाणी येत नाहीत, तेलुगूही मोडकेतोडके. माझा थर थोडा तिरपा बसला. कुणी तो मोडून पुन्हा लावायला सांगितले नाही. त्यावर शेवंती चढली, त्यावर गुलाब, आणि बायकांनी फेर धरला.